मुदत संपलेली टाकी

माझी चूक मी सहसा सांगत नाही, कारण सांगण्याजोगी चूक माझ्या हातून सहसा होत नाही. पण होते तेव्हा अशी होते की तिच्यात सहा ड्रायव्हर, एक पंप, एक गॅरेज आणि एक अख्खं कॉलेज गटांगळ्या खातं. ही तसली आहे. आमच्या स्टँडवरची मंडळी ती मीठमसाला लावून सांगत फिरतात. म्हटलं, मीठ घालायचंच आहे तर आपल्या हातानं घालावं. बसा टेकून.

मी हौसाबाई. कोल्हारच्या जीप स्टँडवर माझी चहाची टपरी आहे. शाळेचं तोंड मी पाहिलेलं नाही. चाळिशी उलटल्यावर वाचायला शिकले, तेही कुणी शिकवलं म्हणून नाही. एसटीच्या पाट्या, खताच्या गोण्या, औषधाच्या बाटल्या, समोर येईल ते वाचत गेले. मराठी आलं, मागोमाग इंग्रजी अक्षरं आणि आकडे आले. आता छापलेलं काहीही मी सोडत नाही. लोक बिस्किटं खातात, मी आधी पुडा वाचते.

वाचते म्हणून कळतं आणि कळतं म्हणून बोलते. यात लोकांना काय खुपतं, ते मला अजून उमगलेलं नाही.

टपरीसमोर सहा जीपा लागतात. काळ्या-पिवळ्या, साऱ्या डिझेलच्या, आणि एकेकीचं वय असं की तिला वाकून नमस्कार करावा. सकाळी चावी फिरली की गाडी आधी खोकणार, मग थरथरणार, आणि मग मागच्या नळीतून जो काळा लोट सोडणार तो सरळ माझ्या दुधाच्या पातेल्यावर. दूध झाकावं तर उतू जातं, उघडं ठेवावं तर सावळं होतं. गिऱ्हाईक विचारायचं, "आक्का, चहात काय घातलंय?" मी म्हणायचे, "भाऊरावची जीप."

हा भाऊराव म्हणजे स्टँडवरचा सगळ्यात जुना ड्रायव्हर. त्याच्या गाडीचा धूर आणि त्याचं तोंड, दोन्ही एकदम सुरू होतात.

सहातली एक जीप आमची. माझ्या नावावर आहे, चालवतो माझा मुलगा दत्तू. दत्तू मुका नाही, पण त्याचा बाप बोलका होता आणि आई अशी, त्यामुळे पोराच्या वाट्याला बोलायला काही उरलंच नाही. आजही तो एक वाक्य सुरू करतो, तोवर माझी तीन होतात.

आता या सहाही गाड्या जगत होत्या कशावर? घरोघरी मोटारसायकली झाल्या, जीपला कोण विचारतो? जगत होत्या त्या एका नर्सिंग कॉलेजवर. आमच्याकडून अर्ध्या तासाच्या वाटेवर मुलींचं कॉलेज आहे. गावोगावच्या मुली सकाळी न्यायच्या, संध्याकाळी आणायच्या, एवढ्यावर सहा चुली पेटत. तर तिथल्या प्राचार्य मॅडमनी निरोप धाडला की नव्या वर्षापासून डिझेलची गाडी गेटच्या आत घेणार नाही. सीएनजी बसवा, नाहीतर राम राम. "वर्गात मी मुलींना फुप्फुसं शिकवायची आणि दारात हा धूर? जमणार नाही," असं म्हणाल्या म्हणे.

बाई न बघताच मला आवडली.

ड्रायव्हरांना मात्र वाटलं, आपली तिरडीच बांधली. टपरीवर सभा भरली.

"गॅसवर गाडी म्हंजे बुडाखाली बाँब," भाऊराव म्हणाला.

"तुझ्या बायकोच्या शेगडीखाली काय हाय मग?" मी म्हटलं.

"ती टाकी सैपाकघरात आसती, आक्का. तिच्यावर बसून शिर्डीला कोन जातंय?"

सगळे हसले. हसले म्हणून मला राग आला, आणि राग आला की मी पुढारीपण घेते. म्हटलं, "आमची गाडी पयली. पंधरा दिवस चालवून दावतो. मॅडमला गाडीत बसवून फिरवून आनू. त्यांनी मान हलवली, की तुमी पाचांनी मुकाट गॅस बसवायचा. न्हाई हलवली, तर सहाच्या सहा घरी बसू. मंजूर?"

मंजूर झालं. दत्तूला विचारायचं राहिलं, पण तो नाही म्हणत नाही.

श्रीरामपूरला सलीम मिस्त्रींचं गॅरेज आहे. शांत माणूस, पांढरी दाढी, हातात पाना आणि तोंडात "जी". त्यांनी इंजिन उघडलं, काय काय बदललं, मागच्या सीटच्या पाठीशी लांबोडकी टाकी बसवली. बोनेटखाली गॅस भरायचं तोंड, आणि त्या तोंडाशेजारी तळहाताएवढी पत्र्याची पाटी. पाटीवर बारीक अक्षरं आणि आकडे ठोकलेले.

गाडी स्टँडवर आली आणि मी चालू गाडीच्या नळीपाशी पांढरा रुमाल धरला. पांढराच राहिला. तो रुमाल मी दिवसभर टपरीवर टांगून ठेवला, भाऊरावला दिसेल असा.

मग पूजा. नवी नवरी आली तर तिला कुंकू लावतो, ही तर गाडी. पण इथं कुरकुर झाली. कुणीतरी म्हणालं, "आक्का, सुनंच्या हातनं लावा की." का, तर मी विधवा. नवरा जाऊन वीस वर्षं झाली, त्यात मी गाडीचं काय घोडं मारलंय? "गाडी माझ्या नावावर हाय," मी म्हटलं, "कुंकू मीच लावनार." आणि लावलं. साधंसुधं नाही, तेलात घट्ट कालवून, म्हणजे पुसलं जाऊ नये. चाकांना लावलं, काचेला लावलं, बोनेट उघडून आतल्या त्या पाटीवर खालच्या अंगाला चांगलं ठसठशीत स्वस्तिक काढलं. चष्मा टपरीवर राहिला होता. छापलेलं काही सोडत नाही म्हणाले ना मघाशी? त्या दिवशी सोडलं.

पंधरा दिवस गाडी पाण्यासारखी चालली. मुली खूश, दत्तू खूश, माझं दूध सहातल्या एका हिश्शानं पांढरं. आणि मग तो सोमवार आला.

मॅडम सकाळीच स्टँडवर आल्या. सुती साडी, मनगटावर घड्याळ, पाठ ताठ. दत्तूशेजारी पुढं बसल्या. मागं चार मुली आणि मी. मी कशाला? गाडी माझ्या नावावर आहे म्हणून. टपरी बंद ठेवली. आमच्या मागोमाग भाऊराव आपली जीप घेऊन निघाला, त्यात बाकीचे चारही कोंबलेले. मॅडम मान हलवतात की नाही, हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं.

सगळं छान चाललं होतं. महामार्गावरच्या पंपावर दत्तूनं गॅससाठी गाडी वळवली, तिथवर.

गॅस भरताना सगळ्यांनी गाडीतून उतरून लांब उभं राहायचं असतं. तसा फलकच आहे, मी तो मोठ्यानं वाचून दाखवला. मुली उतरल्या. मॅडमना फोन आला, त्या पार पलीकडं लिंबाच्या सावलीत जाऊन बोलत उभ्या राहिल्या. ड्रायव्हर मंडळी हवेच्या मशीनपाशी थांबली. आणि फलक वाचून दाखवणारी बाई कुठं उभी होती? बोनेटमध्ये डोकं घालून.

"आज्जी, लांब व्हा," पंपावरचा गडी म्हणाला.

"गाडी माझी हाय."

"गाडी तुमचीच हाय, पर नियम सगळ्यांचा हाय."

मी ऐकत नव्हते, कारण मी वाचत होते. या वेळी चष्मा नाकावर होता. स्वस्तिकाच्या वरच्या अंगाला पाटीवर इंग्रजी अक्षरं होती, आणि अक्षरांपुढं महिना आणि वर्ष. वर्ष मागचं.

आता एक गोष्ट तुम्हाला सांगायला हवी. घरच्या गॅस सिलेंडरला वर धरायची गोल कडी असते. ती ज्या पट्ट्यांवर उभी असते, त्यातल्या एकीवर आतून एक इंग्रजी अक्षर आणि वर्षाचा आकडा रंगवलेला असतो. ए म्हणजे मार्चपर्यंत, बी म्हणजे जून, सी म्हणजे सप्टेंबर, डी म्हणजे डिसेंबर. त्या मुदतीच्या आत टाकीची तपासणी करायची असते. मुदत उलटलेली टाकी घरात घ्यायची नाही. गल्लीत हे पहिल्यांदा मी वाचून काढलं. दोनदा गाडीवाल्याला टाकी परत न्यायला लावली. आमच्या गल्लीत सिलेंडर आला की बायका आधी मला हाक मारतात, मग सही करतात.

तेव्हा टाकी, तारीख आणि मागचं वर्ष, हे तिन्ही एका ठिकाणी दिसल्यावर माझ्या डोक्यात काय उजेड पडला असेल, ते तुम्हीच समजा.

"बंद कर," मी गड्याला म्हटलं. "नळी काढ. टाकीची मुदत संपलीय."

"न्हाई संपली, आज्जी."

"मला वाचता येतं."

"येतं हो, पर ही तारीख येगळी. खाली दुसरी तारीख आसती. ह्ये कुंकू जरा सारलं ना—" आणि त्यानं अंगठा पुढं केला.

"खबरदार," मी म्हटलं. "कुंकू पुसायला निघालास? चांगल्या मुहूर्तावर लावलेलं?"

त्यानं चटका बसल्यासारखा हात मागं घेतला. बिचाऱ्याचं नुकतंच लग्न झालं असावं. कुंकू पुसणं म्हटल्यावर पंपावरचा एकही माणूस त्या पाटीच्या वाटेला जाईना. गडी दत्तूकडं बघे, दत्तू माझ्याकडं.

"आई," दत्तू म्हणाला, "मिस्त्रींनी सांगितलं हुतं की त्ये—"

"तू गप. मिस्त्रीनंच फशिवलंय आपल्याला."

तोवर पाची ड्रायव्हर जवळ आले होते. भाऊरावनं पाटीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "आक्का, तुमीच म्हन्ला ना, शेगडीखाली काय हाय म्हनून?"

"टोमना नंतर मार. आधी लांब हो, कधी उडंल सांगता येत न्हाई."

उडेल म्हटल्यावर पंपावरची रांग हलली. मागची रिक्षा मागं गेली, तिच्या मागचा टेम्पो त्याहून मागं गेला, टेम्पोवाल्यानं त्याच्या मागच्याला शिव्या दिल्या. पंपाचा मॅनेजर पळत आला. त्याला मी ए-बी-सी-डी समजावून सांगितली. तो म्हणाला, "आज्जी, ते घरच्या गॅसचं." मी म्हटलं, "गॅस त्यो गॅस. घरचा काय नि दारचा काय." यावर त्याला उत्तर सुचलं नाही. आता विचार करते तर वाटतं, सुचलं असावं, पण रांग मोठी होती.

एवढ्यात माझं लक्ष लिंबाकडं गेलं. मॅडमनी फोन पिशवीत टाकला, घड्याळ बघितलं, दत्तूला लांबूनच काहीतरी सांगितलं, मुलींना घेतलं, आणि त्या मागं गेलेल्या रिक्षात बसून निघूनही गेल्या.

मान हलवणं दूरच, बाईनं आमच्या गाडीत पुन्हा पाय ठेवला नाही.

"गेलं," भाऊराव म्हणाला. "सहा घरं गेली."

"आई, त्यांचा वर्ग हाय म्हनून त्या—"

"कसला वर्ग? बाईचं तोंड बघितलं न्हाईस का?"

खरं तर मीही बघितलं नव्हतं, लांब होतं. पण अशा वेळी कोण कबूल करतं?

मी ठरवलं, सरळ श्रीरामपूर. मिस्त्रीच्या तोंडावर ही तारीख मारायची, नवी टाकी घ्यायची आणि नवी टाकी घेऊन मॅडमपुढं उभं राहायचं. गाडीत तिथवर जायपुरता गॅस होता. पण मुदत संपलेल्या टाकीबरोबर बसणार कोण? मी आणि पाच ड्रायव्हर भाऊरावच्या जीपमध्ये बसलो. आमची गाडी दत्तू एकटा चालवील आणि आम्ही मागून शंभर पावलं अंतर ठेवून येऊ, असा हुकूम मी दिला.

अर्ध्या वाटेत गेल्यावर मला आठवलं की दत्तू माझा मुलगा आहे.

"काचा उघड्या ठिवल्यात ना त्यानं?" मी विचारलं.

"ठिवल्यात," भाऊराव म्हणाला. "तुमच्या मायेची झुळूक लागतीया त्याला."

आणि अंतर ठेवून तरी काय होत होतं म्हणा. पुढं माझी बिनधुराची गाडी चाललेली, आणि मागं मी, धुराविरुद्ध स्टँडवर बंड करणारी बाई, भाऊरावच्या डिझेलचा काळा पडदा अख्ख्या रस्त्यावर पसरत चाललेली. एका मोटारसायकलवाल्यानं तोंडाला रुमाल बांधून माझ्याकडं असं बघितलं, की मी पदर डोळ्यांपर्यंत ओढून घेतला.

गॅरेजात शिरले ती सुरुवातीलाच वरच्या पट्टीत. फसवणूक झाली इथपासून कोर्टाची पायरी दाखवीन इथपर्यंत सगळं म्हणून झालं. सलीम मिस्त्री हात पुसत उभे होते. माझा श्वास संपायची त्यांनी वाट बघितली. तो लवकर संपत नाही, हे त्यांना माहीत नव्हतं. मग त्यांनी स्टूल पुढं केलं, चहा सांगितला.

"आक्का, बसा. घरच्या टाकीवर लिहितात ती पुढची तारीख. म्हणजे या तारखेच्या आत तपासा. आणि इथं वर आहे ती तपासली त्या दिवसाची तारीख. ही टाकी त्या दिवशी पास झाली. तिथून तीन वर्षं चालते. पुढच्या तपासणीची तारीख खालच्या ओळीत ठोकलेली आहे."

"खाली कुठं हाय ओळ? खाली तर..."

खाली तर माझं स्वस्तिक होतं.

तुमच्यातल्या हुशारांना हे मघाशीच कळलं असेल. मला तिथं, त्या स्टुलावर, हातात चहा आल्यावर कळायला लागलं. पण कळायला लागणं वेगळं आणि मानणं वेगळं. म्हटलं, "दावा मग ती ओळ."

मिस्त्रींनी दोन्ही हात जोडले. "ते कुंकू तुमचं आहे, आक्का. मी कसा हात लावू? लावताना तुम्ही लावलंत, काढायचं तर तुम्हीच काढा."

मी भाऊरावकडं बघितलं. तो छताकडं बघायला लागला. दत्तूकडं बघितलं, तो पायाकडं. पाच ड्रायव्हर, दोन फिटर आणि गाडी दुरुस्तीला घेऊन आलेला एक गृहस्थ, एवढी पुरुषमंडळी उभी होती, कुणाची छाती होईना.

वीस वर्षांमागं माझं कुंकू दुसऱ्यांनी पुसलं होतं, मला न विचारता. हे मी माझ्या हातानं पुसलं. पदराचं टोक ओलं केलं आणि घासत बसले. तेलात कालवलेलं ते, सुटता सुटेना. मिस्त्रींनी शेवटी थोडं रॉकेल दिलं.

आणि खालून काय निघालं? पुढच्या तपासणीचा महिना आणि वर्ष, स्वच्छ, ठसठशीत. अजून दोन वर्षांच्यावर मुदत शिल्लक. तो दुरुस्तीला आलेला गृहस्थ, ज्याचा या प्रकरणाशी काडीचा संबंध नव्हता, वाकून पाटी वाचून म्हणाला, "हां, हाय की बराबर."

लोकांना स्वतःची कामं नसतात का?

मी मिस्त्रींना म्हटलं, "चुकलं माझं." दोनच शब्द. पण ते माझ्या तोंडून निघताना दत्तू एवढा दचकला की त्याच्या हातातला चहा सांडला. मिस्त्री म्हणाले, "आक्का, तुम्ही तारीख वाचता हेच खूप आहे. वाचतं कोण?" भला माणूस. पण त्या भलेपणानं माझं डोकं फिरलं, ते असं. मला वाटलं, चूक कबूल केली की गोष्टी सुटतात. वाटलं, हीच मात्रा मॅडमला लागू पडेल.

"चल कॉलेजात," मी दत्तूला म्हटलं. "माफी मागते. सगळं खरं सांगते."

"आई, आधी फोन करून बघू. त्या कशानं गेल्या त्ये तरी—"

"फोनवर माफी मागतात व्हय? समोर उभं राहून मागतात."

वाटेत गॅस भरला. मी लांब, रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिले, कुणी न सांगता. या वेळी मी दत्तूच्याच गाडीत बसले, टाकीला पाठ लावून.

कॉलेजच्या गेटवर वॉचमननं आमची गाडी बघून दांडी वर केली, वर हातही कपाळाला नेला. मागून आलेल्या भाऊरावच्या जीपपुढं ती दांडी खाली आली, डिझेलबंदी त्याच सोमवारपासून सुरू झाली होती. पाची जण बाहेर उन्हात. मी मागं वळून म्हटलं, "थांबा, काम करून आलेच." माझा तोरा बघा अजून.

मॅडम खोलीत एकट्याच होत्या. मला बघून हसल्या. हसल्या, हे मी पाहिलं. मला वाटलं, मोठ्या मनाची बाई, राग गिळून हसतेय. टेबलावर एक कागद होता, सही-शिक्का केलेला. तो उचलून त्या माझ्याकडं द्यायला लागल्या.

"बरं झालं तुम्हीच आलात, आजी. सकाळी मला—"

पण मी वाटेत सगळं जुळवून ठेवलं होतं. मधेच थांबले असते तर विसरले असते.

"मॅडम, आधी माझं ऐका. सकाळी पंपावर मी टाकीची मुदत संपली म्हनून वरडले, त्ये खोटं हाय. टाकी उडनार म्हन्ले, त्येबी खोटं. लोक पळाले, रांग मोडली, त्यो समदा दोष माझा. टाकी चांगली हाय. स्फोट व्हनार न्हाई. पोरींना काय व्हनार न्हाई."

कागद टेबलाच्या मधोमध थांबला.

"कसला स्फोट?" मॅडम म्हणाल्या.

दत्तूनं माझ्या पायावर पाय दिला. मला वाटलं, चुकून पडला.

"त्यो टाकीचा. तुमी रागं भरून रिक्षात बसून गेला ना—"

"मी? मला दहाचा वर्ग होता, आजी. तुमच्या मुलाला सांगून गेले. गाडी तर छान वाटली मला, आवाज नाही, धूर नाही. मी आल्या आल्या पत्र करून ठेवलं, सहाही गाड्यांना काम देण्याचं." आणि कागद हळूहळू त्यांच्या बाजूला परत सरकायला लागला. "पण टाकीला मुदत असते, हे मला माहीत नव्हतं."

नर्सिंगची बाई ती. इंजेक्शनवरची तारीख तीनदा वाचून मग सुई भरणारी. मुदत हा शब्द तिच्यापुढं मी उच्चारला, मी होऊन, भाडं न घेता दारात आणून दिला.

"आसती," मी म्हटलं. आता कागद हातचा जातोय हे मला दिसत होतं, पण विचारल्यावर माहिती लपवणं माझ्या स्वभावात नाही. "तीन वर्सांची."

"आणि ती कोण तपासतं?"

"आई," दत्तू म्हणाला.

"कुनी न्हाई तपासत," मी म्हटलं. "लोक वाचतच न्हाईत ना मॅडम."

मॅडमनी कागद ड्रॉवरमध्ये ठेवला. ड्रॉवर लावून घेतला. मग फार शांतपणे सांगितलं की आधी सहाही गाड्यांना गॅस बसवून होऊ दे, मग सहाही टाक्यांचे तपासणीचे दाखले, आरटीओची नोंद, गाडीची आणि ड्रायव्हरची बाकीची कागदपत्रं, सगळं एका फायलीत आणा. त्या स्वतः एकेक तारीख बघतील. त्यानंतर पत्राचं बघू, तोवर मुली एसटीनं येतील.

"तुमचे आभार, आजी," त्या म्हणाल्या. "तुम्ही सांगितलं नसतं तर मी डोळे झाकून पत्र देऊन बसले असते."

काम मिळालं पुढं, नाही असं नाही. पाची जणांनी पत्र हातात नसताना, देवावर हवाला ठेवून गॅस बसवून घेतला. फाईल झाली, मॅडमनी प्रत्येक तारखेखाली पेन्सिलनं रेघ मारली. पण या सगळ्यात महिना गेला. तो महिनाभर मुली एसटीनं गेल्या, आणि सहा ड्रायव्हर माझ्या टपरीच्या बाकावर बसून राहिले. चहा प्यायचे आणि माझ्याकडं बघायचे. धूर नव्हता, दूध चांगलं पांढरंशुभ्र होतं. घशाखाली मात्र उतरत नव्हतं.

तर त्या दिवशी गेटबाहेर येऊन भाऊरावला सगळं सांगावं लागलं. त्यानं ऐकून घेतलं. हात जोडले, जीपमध्ये बसला आणि निघून गेला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आम्ही मायलेकरं मागून निघालो. गॅसच्या गाडीचा एक दोष तोवर माझ्या लक्षात आला नव्हता. डिझेलच्या खडखडाटात कोण बोलतंय, कोण गप्प आहे, काही कळत नाही. या गाडीत गप्प बसलेलं फार ऐकू येतं.

बाभळेश्वर मागं पडलं तरी दत्तू समोर बघत गाडी चालवतोय. शेवटी मलाच राहवेना. म्हटलं, "आरं, बोल की कायतरी. दिवसभर तोंड उघडायला बघत हुतास. बोल आता, मी मधी बोलत न्हाई."

त्यानं गाडी हळू केली. माझ्याकडं बघितलं. जन्मात पहिल्यांदा त्यानं माझ्यापुढं आपलं बोलणं पुरतं केलं.

"आई, आजून कुनाची माफी मागायची ऱ्हायली आसंल, तर त्याचं घर कुठल्या रस्त्याला हाय त्ये आत्ताच सांग. म्हंजी त्या रस्त्यानं गाडी न्यायला नको."